गंगाजळी म्हणजे गल्ला नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ग्वाल्हेर किल्ल्यावरच्या गंगाजळीचा लेख वाचला. गंगाजळी म्हणजे गुप्तधन, असे धरूनच लेखक चालले आहेत. त्याच अंकात आतल्या पानावर मथळा, ‘घरपट्टीमुळे पालिकेच्या गंगाजळीत भर’. ग्वाल्हेरच्या लश्कर भागात राहणाऱ्या आम्हा लोकांना हा शब्द घरचा, त्यामुळे दोन्हीकडे खटकला.

गंगाजळी म्हणजे मुळात गंगाजल ठेवायचे भांडे. काशीहून आणलेला, झाळ देऊन तोंड बंद केलेला तांब्याचा गडू जुन्या देव्हाऱ्यांत अजून दिसतो. तहान लागली म्हणून तो कुणी फोडत नाही. घरात मावंदे (काशीयात्रेनंतरचे जेवण) असले किंवा कुणाची शेवटची घटका आली, तरच. शिंद्यांचा गंगाजळी नावाचा राखीव खजिनाही असाच, रोजच्या खर्चासाठी हात न लावण्याचा. वेळ आली तेव्हा मात्र तिजोरी उघडली गेली. १८५८ च्या जूनमध्ये खजिनदार अमरचंद बांठिया यांनी ती क्रांतिकारकांच्या फौजेसाठी खुली केली आणि इंग्रजांनी त्यांना इथल्या सराफ्यात फासावर लटकावले. लेखात त्यांचे नावसुद्धा नाही!

तळघरे आणि बीजक (खजिन्याची गुप्त खूण) यांवर मात्र रकानेच्या रकाने. किल्ला इंग्रजांनी १८८६ साली झाशीच्या बदल्यात परत दिला, त्याच वर्षी महाराज जयाजीराव शिंदे वारले, त्यांचे पुत्र माधवराव तेव्हा दहा वर्षांचेही नव्हते, एवढा इतिहास. जयाजीरावांचे मुलाला बीजक सांगायचे राहून गेले, ही आख्यायिका. किल्ल्यावरचे गाइड ती छान रंगवतात, बक्षिसीही मिळवतात. त्यांचे ठीक आहे.

रिझर्व्ह बँकेच्या बातम्यांत हा शब्द बहुधा नेमका येतो. तरी २०१९ मध्ये बँकेने सरकारला १,७६,०५१ कोटी रुपये दिले तेव्हा सगळी रक्कम गंगाजळीतूनच गेली, असा बोभाटा झाला होता. त्यातले १,२३,४१४ कोटी हे त्या वर्षीचे वरकड उत्पन्न होते; जास्तीच्या राखीव तरतुदींतून निघाले ते ५२,६३७ कोटी.

घरपट्टी तर आली की पगारात आणि गटारांत जाते. तिला ‘तिजोरीत भर’ म्हणा, नाहीतर सरळ ‘वसुली’ म्हणा. पुरलेल्या धनाला ‘गुप्तधन’ हा शब्द आहेच. आणि पुढच्या पुरवणीत बांठियांवर चार ओळी आल्या तर आम्ही ग्वाल्हेरकर आभारी राहू.

आपला,
एक नियमित वाचक
लश्कर, ग्वाल्हेर