पाण्याबरोबर माशांचीही तपासणी हवी

महोदय,

पंचगंगेत मासे मेल्याच्या बातम्या उन्हाळ्यात वारंवार वाचायला मिळतात. तेरवाड बंधाऱ्याजवळ मृत माशांचा खच दिसला की पाण्याचे नमुने घेतले जातात आणि चर्चा तेथेच थांबते. हे मासे बहुधा पाण्यातील प्राणवायू संपल्याने मरतात. मला त्याहून अधिक काळजी वाटते ती न मरणाऱ्या माशांची. शिसे, कॅडमियम, पारा यांसारखे जड धातू अल्प प्रमाणात असले तर मासा मरत नाही; ते त्याच्या शरीरात साठत जातात आणि कल्ले लालभडक असलेला, ताजा मासा आपण निःशंकपणे घरी आणतो.

केवळ पाण्याच्या नमुन्यावर विसंबणे चुकीचे आहे, कारण या धातूंचा मोठा भाग पाण्यात विरघळून न राहता गाळाच्या कणांना चिकटून तळाशी बसतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातले की प्रवाह मंदावतो आणि मागे गाळ साचतो; वरचे पाणी अहवालात निर्दोष ठरले, तरी तळाशी चरणाऱ्या मृगळ माशाविषयी तो अहवाल काहीच सांगत नाही. नृसिंहवाडीला कृष्णेला मिळेपर्यंत ही नदी शहरांचे सांडपाणी, कापडावरील प्रक्रिया आणि धातूकाम यांच्या पट्ट्यातून वाहते, हे ध्यानात घेतले तर गाळ आणि मासा दोन्ही तपासणे अगत्याचे ठरते.

मासा नीट शिजवला की दोष जातो, हा समज या बाबतीत खरा नाही. सेंद्रिय रूपातील पारा माशाच्या मांसातील प्रथिनांशी बांधलेला असतो. तळून किंवा रस्सा करून तो निघत नाही. मोठ्या मासळीने छोटी मासळी खाल्ली की त्याचे प्रमाण वाढत जाते, म्हणून मरळीसारख्या शिकारी माशाची तपासणी आधी व्हावी. कॅडमियम प्रामुख्याने यकृत व मूत्रपिंडात साठते, त्यामुळे पोटातील भाग काढून टाकण्याचा काहीसा उपयोग होतो. परंतु अख्खी खाल्ली जाणारी बारीक मासळी त्याला अपवाद आहे. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये उघड झालेला आजार पारायुक्त मासळी खाल्ल्यानेच झाला होता, आणि गर्भातील बालकांनाही त्याने सोडले नाही. शिशाबाबत तर सुरक्षित म्हणता येईल अशी मात्रा सांगता येत नाही, असा निर्वाळा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये दिला आहे.

मासे खाणे सोडा, असे मला मुळीच म्हणायचे नाही. गोड्या पाण्यातील मासळी हे गरीब घरांना परवडणारे सकस अन्न आहे, आणि नदीवर पोट असलेल्या भोई कुटुंबांना अफवेचा फटका सर्वांत आधी बसतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा आहे आणि त्याखालील नियमांत माशातील शिशाची कमाल मर्यादा किलोमागे ०.३ मिलिग्रॅम अशी ठरलेली आहे. प्रश्न मोजणीचा आहे. अन्न व औषध प्रशासन, मत्स्यव्यवसाय विभाग आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांनी एकत्रितपणे पावसाळ्यापूर्वी व नंतर, बंधाऱ्यांच्या वर आणि खाली, मासळीच्या जातीनुसार नमुने घ्यावेत. मांस व यकृत यांची तपासणी वेगवेगळी व्हावी आणि निष्कर्ष ठिकाणाच्या उल्लेखासह मासळी बाजारात मराठीतून लावावेत, ही विनंती.

– एक वाचक, कोल्हापूर