'एमा' परत करायला आले होते, त्या दुपारबद्दल

आदरणीय काकू,

सादर नमस्कार.

तुमचे आभार मानायला लागलं की तुम्ही रजिस्टर उघडता, नाहीतर माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाला "हं, बोला" म्हणता. म्हणून हे लिहून काढलं आहे. चारचौघांना वाचता येईल असंच लिहिलं आहे, कारण वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलावर तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते इतर वाचकांनाही कळावंसं वाटतं.

गेल्या जुलैमधली दुपार. बाहेर धो धो पाऊस, दारातलं गोणपाट छत्र्यांच्या पाण्याने भिजून गेलेलं, आणि मी इंग्रज लेखिका जेन ऑस्टिनची 'एमा' ही कादंबरी परत करायला आलेली. मुदतीचे दहा दिवस शिल्लक होते. तुम्ही चिठ्ठीवरची तारीख पाहिलीत आणि विचारलंत, "झालं वाचून?" मी म्हटलं, "नाही. ही मुलगी मला सहन होत नाही."

ते पुस्तक मी विरंगुळा म्हणून नेलं होतं. घरातलं ते वर्ष आजारपणात गेलं होतं, डोक्याला त्रास नको होता. इंग्लंडातला रीजन्सीचा काळ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे बग्ग्या यायच्या, झुंबरांखालचे नाच यायचे, वरून ताठ पण आतून चांगला असा एखादा जमीनदार यायचा. आणि बेताच्या परिस्थितीतली, हजरजबाबी नायिका, पहिल्या पानापासून जिची बाजू घ्यावी अशी. तिसरा जॉर्ज राजा भ्रमिष्ट झाला आणि १८११ ते १८२० युवराजाने त्याच्या वतीने कारभार पाहिला, तो हा काळ. इकडे पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या पेशवाईची शेवटची वर्षं चालली होती. तिकडे सरे परगण्यातल्या हायबरी नावाच्या कल्पित गावात एमा वुडहाउस दुसऱ्यांची लग्नं जुळवत होती.

एमाची परिस्थिती बेताची नाही. तीस हजार पौंडांची ती वारसदार आहे. देखणी आहे, हुशार आहे. आई लहानपणीच गेलेली, वडील तिच्या शब्दाबाहेर नाहीत. वय जेमतेम एकवीस, आणि गावातल्या प्रत्येकाचं भलं कशात आहे ते आपल्याला कळतं अशी तिची खात्री. सतरा वर्षांची हॅरिएट स्मिथ ही आईबापांचा ठावठिकाणा नसलेली, शाळेतच राहणारी भोळी मुलगी. एमा तिला हाताशी धरते आणि तिचं आयुष्य घडवायला घेते.

मी जिथे पुस्तक मिटलं, तो प्रसंग तुम्हाला माहीत आहे. रॉबर्ट मार्टिन हा कूळ म्हणून दुसऱ्याची जमीन कसणारा चोवीस वर्षांचा शेतकरी. हॅरिएटला अक्रोड आवडतात असं तिच्या तोंडून निघालं, तर हा तीन मैलांचा वळसा घालून अक्रोड घेऊन आला. त्याच्या घरच्या एका छोट्या वेल्श गाईवर हॅरिएटचा जीव जडला, तर त्याची आई म्हणाली, ही आता तुझीच म्हणायची. असा माणूस रीतसर पत्र लिहून लग्नाची मागणी घालतो. आणि एमा एकदाही 'नाही म्हण' असं न सांगता हॅरिएटकडून नकार लिहवून घेते. वर सांगते की तू होकार दिला असतास तर मला तुझ्याकडे येता-जाता आलं नसतं. त्या रात्री मला झोप आली नाही. अक्रोड डोळ्यांपुढून जात नव्हते.

हे सगळं मी तुमच्यापुढे ओतलं. मला वाटलं होतं तुम्ही म्हणाल, 'अगं, पुढे सुधारते ती.' तसं म्हणाला असतात तर मी पुस्तक तिथेच ठेवून गेले असते. तुम्ही म्हणालात, "तुझा राग बरोबर आहे. तो जपून ठेव. पण पुस्तक मी आज घेणार नाही."

मग तुम्ही टेबलावरचा तारखेच्या चिठ्ठीचा एक कोरा कागद घेतलात आणि नेमकं तेच पान उघडून एका ओळीखाली धरलात. एमाने पत्र वाचलं आहे. पत्र चांगलं आहे, सरळ आहे, भाषा साफ आहे. एखाद्या सभ्य गृहस्थालाही शोभेल असं आहे. "हे कोण म्हणतंय?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, लेखिका. तुम्ही कागद एक ओळ वर सरकवलात. "आता?" मी पुन्हा तेच म्हटलं. तिसऱ्यांदा तुम्ही कागद हलवला नाहीत, नुसत्या थांबलात. आणि मला दिसलं की पत्राबद्दलचा तो निवाडा एमाचा होता. एकदा दिसल्यावर मागची सहा प्रकरणंही डोळ्यांपुढे उलगडत गेली. लेखिकेची म्हणून मी जी वाक्यं मुकाट्याने खरी मानली होती, त्यातली कितीतरी एमाची होती.

तुम्ही त्यासाठी कुठलाही जड शब्द वापरला नाहीत. म्हणालात, "आपल्याकडच्या आज्या हेच करतात. 'सूनबाईंना कुठला आलाय वेळ' असं आजी म्हणते, तेव्हा तोंड आजीचं असतं आणि वाक्य सुनेचं. ऐकणाऱ्याला सूर कळतो. छापलेल्या पानावर सूर ऐकू येत नाही, म्हणून वाचणारा फसतो. ऑस्टिन प्रत्येक वेळी 'एमाला वाटलं' असं लिहीत नाही. ती एमाचं वाटणं सरळ आपल्या वाक्यात घालते."

काकू, इतकी वर्षं कादंबऱ्या वाचतेय, पण हे मला कुणी दाखवलं नव्हतं.

घरी जाऊन पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. वाचनालयाच्या पुस्तकावर पेन्सिल चालवायची नाही, म्हणून कॅलेंडरच्या जुन्या पानाचे कपटे करून घातले. जिथे वाक्य एमाचं वाटलं तिथे एक कपटा. चार दिवसांत पुस्तक इतकं फुगलं की मिटेना. पाद्री एल्टन हॅरिएटसाठी कोडं लिहून आणतो, तिच्या चित्राची चौकट करून घ्यायला लंडनला जातो, अशी एमाची पक्की समजूत असते. कपटे घालत गेल्यामुळे मला दिसत होतं की तो बघतोय एमाकडे. नाताळच्या आदल्या रात्री बर्फ पडत असताना बंद बग्गीत तो तिचा हात धरतो आणि तिला धक्का बसतो, तेव्हा मला पहिल्यांदा तिची दया आली. हुशार माणसाला आपण इतके चुकलो हे एका क्षणात कळतं, आणि बग्गीतून उतरताही येत नाही.

दुसऱ्या खेपेला आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "ती वडिलांना जेवू कशी घालते ते बघ." तोवर ते प्रसंग मी भराभर उलटले होते. मिस्टर वुडहाउसना सगळ्याचीच भीती, गारव्याची, लग्नाची, केकची. घरी पाहुणे आले की त्यांना प्रेमाने सांगतात, अंडं घ्या पण अगदी मऊ उकडलेलं, एवढीशी पातळ पेज घ्या, बाकी कशाला हात लावू नका. एमा त्यांना पूर्ण बोलू देते. एकदाही तोडत नाही. आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूने पाहुण्यांना पोटभर वाढत असते. वडिलांचा मान राहतो, पाहुणे उपाशी उठत नाहीत. घरात आजारी माणूस सांभाळलेल्या बाईला हे दोन्ही एकदम साधणं किती कठीण असतं ते विचारा. मला कुणी विचारलं नव्हतं, पण तुम्ही ते पान दाखवलंत, आणि मला वाटतं तुम्हाला कारण माहीत होतं.

त्याच दिवशी तुम्ही वाचनाच्या याद्यांचीही आठवण दिलीत. बाराव्या वर्षापासून एमा नियमित वाचायचं ठरवते आहे आणि सुंदर याद्या करते आहे. चौदाव्या वर्षी केलेली एक यादी तर शेजारचा जमीनदार आणि घरचा जुना स्नेही नाइटली याने कितीतरी दिवस जपून ठेवली होती. यादीतली पुस्तकं वाचून होत नाहीत ती नाहीतच. हे सांगताना तुम्ही मागच्या कपाटांकडे ज्या मायेने पाहिलंत, ते माझ्या लक्षात राहिलं आहे.

मला सगळ्यात धीर आला तो तुम्ही सांगितलेल्या त्या जुन्या नोंदीमुळे. पुस्तक १८१५च्या डिसेंबरात तीन खंडांत निघालं. मुखपृष्ठावर लेखिकेचं नाव नाही, अर्पण मात्र युवराजाला. तेही त्याच्या ग्रंथपालाने तसं सुचवलं म्हणून, कारण ऑस्टिनला युवराज मुळीच आवडत नव्हता. पुस्तक निघाल्यावर घरच्यांनी, ओळखीच्यांनी जे अभिप्राय दिले ते तिने स्वतः लिहून ठेवले, बरेवाईट सगळे. त्यात तिची लाडकी भाची फॅनी आहे. तिला एमा सहनच झाली नाही. पावसात भिजत येऊन मी तुम्हाला जे म्हटलं तेच दोनशे वर्षांपूर्वी लेखिकेच्या घरातल्या मुलीने म्हटलं होतं, आणि लेखिकेने ते प्रामाणिकपणे टिपून ठेवलं होतं. लिहायला घेतानाच ती म्हणाली होती म्हणे, की आपल्याशिवाय कुणाला फारशी आवडणार नाही अशी नायिका मी घेणार आहे. तिच्या भाच्याने पुढे तिचं चरित्र लिहिलं, त्यात हे आहे. म्हणजे माझा राग तिने आधीच धरून ठेवला होता.

आणि मग बॉक्स हिल. "त्रेचाळिसाव्या प्रकरणापर्यंत ये, मग बोलू," एवढंच तुम्ही सांगितलं होतंत.

सरेमधली ती टेकडी खरीच आहे. ऊन आहे, सहल आहे, सगळे कंटाळलेले आहेत. गावात पाहुणा आलेला तरुण फ्रँक चर्चिल खेळ काढतो, प्रत्येकाने एक फार चतुर गोष्ट सांगायची, नाहीतर दोन बऱ्या, नाहीतर तीन अगदी कंटाळवाण्या. मिस बेट्स मोकळेपणी म्हणते की मग मला अडचणच नाही, तोंड उघडलं की तीन होतीलच. आणि एमाला मोह आवरत नाही. ती म्हणते की अडचण आहे, एका वेळी तीनच सांगता येतील.

मिस बेट्सला आधी कळत नाही. मग कळतं. चेहऱ्यावर थोडी लाली येते, आणि ती नाइटलीला म्हणते की माझाच त्रास होत असणार, नाहीतर जुन्या मैत्रिणीला ती असं बोलली नसती.

वारलेल्या पाद्र्याची ही अविवाहित मुलगी. दुसऱ्याच्या घरात वरच्या मजल्यावर म्हाताऱ्या आईला सांभाळत राहते, उत्पन्न जेमतेम. कुणी सफरचंदं पाठवली, कुणी डुकराचं मांस पाठवलं, की गावभर त्यांचं कौतुक करते. नाइटली एमाला बग्गीपाशी गाठून हेच ऐकवतो. ती तुझ्या बरोबरीची असती तर गोष्ट वेगळी, पण ती गरीब आहे, आणि म्हातारपणी आणखी गरीब होणार आहे. एमाच्या तोंडून शब्द फुटत नाही. घोडे चालू लागतात, आणि घरापर्यंत ती रडत राहते.

काकू, मला माझी आत्या आठवली. सहा वर्षांपूर्वी, घरातल्या केळवणाला. आत्या एकटी राहते आणि बोलायला लागली की थांबत नाही. त्या दिवशी तिने एक हकिकत तिसऱ्यांदा सुरू केली आणि मी पंगतीत सगळ्यांसमोर एक वाक्य टाकलं. सगळे हसले. आत्याही हसली, आणि पानातल्या श्रीखंडाकडे बघत राहिली. ते वाक्य मी इथे लिहीत नाही. सहा वर्षं मी ते 'गंमत' या खात्यात जमा करून ठेवलं होतं. 'आत्याला काही वाटलं नाही' हे कुणाचं वाक्य होतं, ते मला त्या रात्री तुमच्या कागदाच्या चिठ्ठीने दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर एमा मिस बेट्सकडे जाते. तिथे ती माफी मागत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. जाते, बसते, ऐकते, आपुलकीने विचारपूस करते. मी शनिवारी आत्याकडे गेले. दोन तास बसले. मीही काही मागितलं नाही. निघताना तिने मेतकुटाची बरणी हातात दिली आणि म्हणाली, "आज बरी वेळ काढून आलीस." तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी जाते.

एका गोष्टीवर आपलं अजून जमलेलं नाही आणि ते इथेही लिहिते. शेवटी हॅरिएटचं लग्न रॉबर्ट मार्टिनशीच होतं, याचा मला किती आनंद झाला ते तुम्ही पाहिलंत. पण त्यानंतर तिची नि एमाची मैत्री हळूहळू विरत जाणार, आणि ते योग्यच, असं पुस्तक म्हणतं. तिथे मी कपटा घातला आहे. वाक्य एमाचं आहे की ऑस्टिनचं, ते मला ठरवता येत नाही, आणि ऑस्टिनचं असेल तर मला ते मान्य नाही. नाइटली मात्र आपलं मोठं घर सोडून एमाच्या वडिलांसाठी घरजावई होऊन राहायला येतो, आणि शेजारच्या टर्कींची चोरी झाल्यामुळे घाबरलेले वडील लग्नाला तयार होतात, ती पानं मी तीनदा वाचली.

तुम्ही मला नायिका आवडून घ्यायला सांगितलं नाहीत. पुस्तक परत घेतलं नाहीत, एवढंच. मुदत दोनदा वाढवून दिलीत, तिसऱ्यांदा मी मागितली नव्हती तरी शिक्का मारून दिलात. या सगळ्यासाठी मनापासून आभार.

येत्या शनिवारी घेऊन येते. कपटे सगळे काढले आहेत, एक सोडून. आणि तारखेच्या चिठ्ठीवरची जागा संपली आहे, नवीन चिकटवावी लागेल.

तुमची,
देवघेव विभागातली एक वर्गणीदार