बूस्टर बदलण्याआधी आणि बदलताना

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुन्या फोर-बाय-फोर गाड्यांवरील आपल्या पुरवणीतील लेखात, ब्रेकचे पेडल कडक झाले की बूस्टर (व्हॅक्यूमच्या, म्हणजे हवा काढून घेतलेल्या पोकळीच्या ओढीने पायाचा जोर वाढवणारा डबा) बदलून घ्यावा, असा एका ओळीत सल्ला आहे. तो चूक नाही, अपुरा आहे. ती ओळ वाचून कोणी पाने-पक्कड काढून बसण्याआधी पुढील गोष्टी छापल्या जाव्यात, म्हणून हे पत्र.

बूस्टर खरेच गेला आहे का, हे पाहायला एकही पाना लागत नाही. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबावे. आतला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखे होते. पाय तसाच दाबून इंजिन चालू करावे. पेडल किंचित खाली बसले तर बूस्टर मदत करतो आहे. मग इंजिन मिनिट-दोन मिनिटे चालवून बंद करावे आणि पेडल सावकाश तीनदा दाबावे. पहिल्यांदा ते खोल जाते, पुढे दर वेळी थोडे वर अडले पाहिजे. शेवटी इंजिन चालू असताना पेडल दाबून धरावे, तसेच इंजिन बंद करावे आणि ३० सेकंद थांबावे. पेडल पायाला वर ढकलू लागले तर कुठून तरी हवा आत शिरते आहे.

यात गाडी नापास झाली म्हणजे दोष बूस्टरचाच, असे नाही. आधी नळी पाहावी. जुनी व्हॅक्यूमची नळी बाहेरून धडधाकट दिसते, पण आतला थर सुटलेला असतो. इंजिन तापले की ती आतल्या आत चपटी होते. नळीतला एकेरी व्हॉल्व्ह काढून तोंडाने फुंकावे: बूस्टरच्या बाजूने फुंकल्यास हवा इंजिनकडे गेली पाहिजे, उलट दिशेने अजिबात नाही. पेट्रोल इंजिनात आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन नुसते चालू असताना) व्हॅक्यूम गेजवर पाऱ्याचे १८ ते २० इंच मिळायला हवेत (उंच डोंगराळ भागात त्याहून कमी मिळणारच). डिझेलला मॅनिफोल्डमधून (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांतून) व्हॅक्यूम मिळत नाही, पंप लागतो. तो अल्टरनेटरच्या मागे असेल तर ढिला पट्टा आणि त्याच्या तेलाची नळी हेच पहिले संशयित.

आणि पेडल कडक नाही, पण गाडी थांबत नाही, अशी तक्रार असेल तर बूस्टरला हात लावू नये. २९ इंचांच्या जागी ३३ इंचांचे टायर घातले की तेवढ्याच दाबाला रस्त्यावरचा ब्रेक साधारण १२ टक्क्यांनी कमी लागतो. गाडीची उंची वाढवून घेतली असेल तर आणखी एक भानगड होते. मागच्या ॲक्सलला दांडीने जोडलेला लोड व्हॉल्व्ह, गाडी रिकामी आहे असे समजून मागच्या चाकांचा दाब तोडतो. दांडी नव्या उंचीला जुळवल्याशिवाय कितीही मोठा बूस्टर बसवला तरी मागचे ब्रेक आळशीच राहतात.

बूस्टर गेलाच असेल तर तो का गेला, हे मास्टर सिलिंडरचे (बूस्टरच्या पुढे बसणारा, ब्रेक ऑइलला दाब देणारा भाग) दोन किंवा चार नट काढले की कळते. सिलिंडरची मागची बाजू कोरड्या फडक्याने पुसून पाहावी. ओल दिसली, तर मागचे सील गळून ब्रेक ऑइल बूस्टरमध्ये उतरत होते. टाकीतली पातळी उतरते, चाकांशी थेंब नाही, आणि पेट्रोल इंजिन मधूनच पांढरा धूर टाकते, हीच ती गळती. अशा वेळी मास्टर तसाच ठेवून नवा बूस्टर लावणे म्हणजे तोही ऑइलच्या तोंडी देणे.

खोलण्याआधी पेडल दाबून व्हॅक्यूम संपवावा. गंजलेल्या नटांवर गंज सोडवणारे तेल आदल्या रात्रीच मारावे. पुष्कळ गाड्यांत ब्रेकचे पाइप न सोडता मास्टर हलकेच पुढे ओढता येतो. मात्र तो बांधून ठेवावा. लेखासोबतच्या छायाचित्रात तो पाइपांवर लोंबकळतो आहे. जुना गंजका पाइप अशानेच फ्लेअरपाशी (टोकाच्या रुंदावलेल्या तोंडापाशी) तडकतो. पाइप सोडावेच लागले तर फ्लेअर नटाचा पाना वापरावा, साध्या पान्याने नटाचे कोपरे झिजतात. आत पेडलची चाप आणि पिन काढून फायरवॉलचे (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याचे) चार नट सोडले की बूस्टर पुढे निघतो. जुन्या बूस्टरच्या फायरवॉलकडील पृष्ठभागापासून पिनच्या भोकापर्यंतचे अंतर मोजून ठेवावे आणि नव्यावर तेवढेच ठेवावे. फायरवॉलच्या भोकांभोवती पत्र्याला तडे असतील तर ते आधी वेल्ड करून घ्यावेत, नाहीतर अर्धा जोर पत्रा वाकवण्यात जातो. जुना बूस्टर उघडून बघण्याचा मोह टाळावा, आत जोरदार स्प्रिंग असते.

नव्या बूस्टरचा पुढचा, मास्टरचा पिस्टन ढकलणारा रॉड ओढून काढू नये. त्याच्या मुळाशी रबराची चकती असते. ती आत पडली तर ब्रेक नुसत्या स्पर्शाने गच्चकन लागतात आणि दोष कशात आहे ते दिवसभर सापडत नाही.

सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते ती पायरी म्हणजे या रॉडची लांबी. रॉड आखूड असला तर पेडलचा बराचसा प्रवास फुकट जातो. लांब असला तर पाय काढल्यावरही मास्टरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइल टाकीत परतण्याचे बारीक छिद्र झाकलेले राहते, तापलेले ऑइल फुगते आणि काही किलोमीटरांत चाके आपोआप धरली जातात. मोजायला मुलांची खेळायची माती पुरते. पिस्टनच्या खळग्यात मातीची गोळी ठेवावी, मास्टरखाली गास्केट आणि प्रत्येक स्टडवर (बूस्टरमध्ये रोवलेल्या बोल्टवर) ३ मि.मी. जाडीचा वॉशर घालावा, नट सारखे आवळावेत आणि पुन्हा काढावेत. दबलेल्या मातीच्या जाडीतून ३ मि.मी. वजा केले की खरी फट मिळते. वॉशर नसतील तर लांब रॉड माती पार चिरतो आणि तो किती लांब आहे ते कळतच नाही. उत्तर उणे आले तर रॉड लांब. किती फट हवी आणि ती व्हॅक्यूम देऊन मोजायची की न देता, ते त्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे. टोकाचा स्क्रू एका वेळी अर्धा फेराच फिरवावा.

बसवताना फायरवॉलकडचे गास्केट नवेच घालावे. ८ मि.मी.च्या स्टडवरील नटांना साधारण १३ न्यूटन-मीटर पुरतात, त्याहून आवळले तर स्टड फिरू लागतो. पेडलला काही मिलिमीटर मोकळी हालचाल राहते ना आणि पाय काढल्यावर ब्रेक लाइट विझतो ना, हे पाहावे. पाइप सोडले असतील तर एअर काढावी लागेल. रंगावर सांडलेले ऑइल लगेच पाण्याने धुवावे.

शेवटी चारही चाके जॅकवर घेऊन, पेडल दहा-बारा वेळा दाबून, हाताने फिरवून पाहावीत. थोडे चालवल्यावर चाके धरू लागली तर चाकांना उटी (दगड किंवा पाचर) लावून मास्टरचे नट दोन फेरे ढिले करावेत. चाके सुटली तर रॉड लांब आहे. नाही सुटली, पण चाकाजवळचा एअर काढायचा स्क्रू उघडल्यावर सुटली, तर दाब पाइपमध्ये अडकला आहे आणि दोष पुढे रबरी होजमध्ये किंवा मास्टरमध्येच आहे.

चढावर इंजिन बंद पडून गाडी मागे सरकू लागली, तर धडधाकट बूस्टरमध्येही एक-दोन ब्रेकपुरताच व्हॅक्यूम शिल्लक असतो. पेडल पंप न करता एकदाच दाबून धरावे.

आपला,
एक मोटार मेकॅनिक