सुट्टीत बाग निवडताना

संपादक महोदय,

सुट्टी लागली की सांगलीत ‘मुलांना कुठल्या बागेत न्यायचं?’ हा प्रश्न येतोच. सावलीसाठी आमराईला तोड नाही. फक्त जानेवारी-फेब्रुवारीत, आंबा मोहोरला असताना, झाडाखालच्या बाकावर आधी हात फिरवून पाहावा. मोहोरावरच्या तुडतुड्यांचा चिकटा खाली गळतो आणि पांढऱ्या कपड्यांची वाट लागते.

लहान मुलं असतील तर झाडांपेक्षा खेळणी बघा. पत्र्याची घसरगुंडी पश्चिमेला तोंड करून असेल तर एप्रिलमध्ये साडेपाचलाही चटका बसतो. तळहाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून पाहावी. झोक्याची साखळी वर जिथे कडीत अडकते तिथली कडी झिजून पातळ झाली असेल, तर त्या झोक्यावर मूल बसवू नये. खाली निदान नऊ इंच वाळू हवी. हल्ली झोक्याखालीही पेव्हर ब्लॉक बसवतात. दिसायला स्वच्छ, पण डोकं फुटायची सोय!

गुडघेदुखीवाल्यांनी चालायला ब्लॉकपेक्षा दाबलेल्या मुरमाचा रस्ता निवडावा. पावसाळ्यात मात्र मुरमाचा चिखल होतो आणि सावलीतल्या ब्लॉकवर शेवाळ धरतं, तेव्हा उन्हातला रस्ता बरा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की नदीकाठच्या बागा यादीतून काढाव्यात. पाणी ओसरल्यावरही गाळ निघेपर्यंत थांबावं.

फाटकावर वेळ लिहितात, तशीच स्वच्छतागृह चालू की बंद याची पाटीही लावावी.

– एक वाचक, सांगली