गटचर्चेला बसण्यापूर्वी

पुणे,
१४ जुलै

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली प्रश्नांची यादी आणि सहभागी मुलामुलींची नावे मी सावकाश वाचली. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासासाठी पुण्यात येऊन सदाशिव पेठेत आणि नव्या पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीत एका खाटेपुरते भाडे देऊन, राहणाऱ्या मुलींचे रोजचे जगणे हा विषय तू प्रबंधासाठी निवडलास, याचे मला मनापासून समाधान वाटते. पहिलाच फोकस ग्रुप, म्हणजे ठरलेल्या विषयावरची गटचर्चा, तू स्वतः चालवणार आहेस, म्हणून संशोधन संस्थेत क्षेत्रकाम करताना मी जे शिकले, त्यातले तुझ्या उपयोगी पडेल तेवढे लिहिते.

या पद्धतीतला सर्वांत मोठा धोका असा की, जी आधी बोलते आणि ठामपणे बोलते तिचे मत हेच गटाचे मत ठरून जाते आणि बाकीच्यांचे गप्प राहणे आपण संमती म्हणून लिहून घेतो. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांचा १९५१ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग तुम्हाला अभ्यासक्रमात असेल. समोरच्या रेघांपैकी कोणती रेघ दिलेल्या रेघेएवढी आहे, एवढेच सांगायचे होते. पण गटातल्या इतरांनी आधी ठरवून चुकीचे उत्तर दिले, की खऱ्या सहभागींची सुमारे एक तृतीयांश उत्तरे त्या चुकीच्या बाजूला जात. रेघेच्या लांबीबद्दल माणसे अशी वागतात, तर घरमालकीण, पैसा आणि घरच्यांचा लग्नाचा तगादा यांबद्दल काय होईल, याचा विचार कर. त्याच प्रयोगांत असेही दिसले की, एकाच माणसाने वेगळे उत्तर दिले किंवा उत्तर मोठ्याने न सांगता लिहून द्यायचे असले, की हा दबाव पुष्कळ उतरतो. म्हणून मुख्य प्रश्नाला हात घालण्यापूर्वी प्रत्येकीला एक कागद दे आणि राहत्या जागेबद्दलच्या दोन गोष्टी मनाशी ठरवून लिहायला सांग. लिहिलेले मत सहसा गिळले जात नाही.

तुझ्या यादीत बारा नावे आहेत आणि त्यात मुलगेही आहेत. सहा ते आठ जणी पुरेत, आणि मुलग्यांचा गट स्वतंत्र घे. न्हाणीघर, रात्री परतण्याची वेळ, पाळीच्या दिवसांतली गैरसोय हे विषय मिश्र गटात निघणारच नाहीत. यादीतल्या तिघी एकाच वाड्यात राहतात, हे तुझ्या लक्षात आले का? त्यांपैकी एकीने खोलीबद्दल केलेली तक्रार संध्याकाळपर्यंत घरमालकिणीच्या कानावर गेली, तर तिची कॉट जाऊ शकते, आणि परीक्षा तोंडावर असताना दुसरी जागा शोधणे किती अवघड असते, ते या पेठांत राहणाऱ्या आपल्याला ठाऊक आहे. त्या तिघींना वेगवेगळ्या गटांत घाल. संमतिपत्र वाचून दाखवताना स्पष्ट सांग, की तू स्वतः नावे गुप्त ठेवशील, पण इथे ऐकलेले बाकीच्या बाहेर बोलणार नाहीत याची खात्री तुला देता येत नाही. तशी त्यांना विनंती करता येते, एवढेच. हे प्रामाणिकपणे सांगितले म्हणजे किती बोलायचे ते प्रत्येकीला स्वतः ठरवता येईल. आतापर्यंत किती वेळा परीक्षा दिली, घरून किती पैसे येतात, हे प्रश्न गटातून पूर्णपणे काढून टाक आणि वैयक्तिक मुलाखतीत विचार. चर्चेत कुणाला रडू आलेच, तर रेकॉर्डिंग थांबवायचे, तिला बाहेर जायचे असल्यास जाऊ द्यायचे, आणि मदतीसाठी समुपदेशकाचा क्रमांक आधीच जवळ ठेवायचा.

आता प्रश्नांविषयी. "तुम्हाला घरमालकांचा त्रास होतो का?" हा तुझा तिसरा प्रश्न उत्तर हातात देऊनच विचारलेला आहे. १९४१ साली न्यूयॉर्कमध्ये समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड यांच्या रेडिओ संशोधनात श्रोते आवडलेल्या भागाला हिरवे आणि नावडलेल्या भागाला लाल बटण दाबत, आणि मग त्यांना कारणे विचारली जात. ते पाहायला गेलेले दुसरे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांच्या लक्षात आले, की प्रश्न विचारणारा नकळत उत्तरेही सुचवतो आहे. त्यातूनच मुलाखतीची ही रीत घडत गेली आणि १९४६ साली त्यांनी पॅट्रिशिया केंडल यांच्यासह तिच्यावर लेख लिहिला. तेव्हा तुझा प्रश्न असा कर: "सकाळी उठल्यापासून अभ्यासिकेत जाऊन बसेपर्यंत काय काय होते, ते सांगा." पाण्याची वेळ, न्हाणीघरापुढची रांग, मेसचा डबा, सामायिक कपाटाचे कुलूप, सारे त्यातून आपोआप येईल. "खोली का बदलली नाही?" असे विचारलेस, तर ती मुलगी स्वतःचा बचाव करू लागेल, त्याऐवजी "खोली बदलावी असे कधी वाटले होते का, तेव्हा पुढे काय झाले?" असे विचार.

दीड तासात सहा-सात प्रश्नांपेक्षा जास्त होत नाहीत. त्यातही महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षांच्या तारखांचा विषय निघाला, की सारी चर्चा तिकडे वाहून जाईल. २०२४च्या ऑगस्टमध्ये आयोगाची परीक्षा आणि बँकेची परीक्षा एकाच दिवशी आल्यावर शास्त्री रस्त्यावर आंदोलन झाले होते, आणि त्या मुलींचा राग खरा आहे. त्यांना मध्येच तोडू नकोस, थोडे ऐकून घे आणि मग "त्या दिवसांत राहण्याचा खर्च कसा भागवला?" असे विचारून आपल्या विषयावर ये. एखादी फार बोलू लागली, तर "तुमचा अनुभव आला, यापेक्षा वेगळे कुणाचे असेल तर तेही ऐकू," एवढे पुरते. प्रश्न विचारल्यावर शांतता पसरली, तर ती भरून काढायची घाई करू नकोस. मान डोलावून "बरोबर" म्हणायची तुझी सवय मला माहीत आहे. ती त्या दिवशी आवर, कारण तू कशाला बरोबर म्हणतेस ते सगळ्या टिपत असतात.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. यातल्या बऱ्याच मुली मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेल्या आहेत, आणि पेठेतल्या बोलण्यापुढे आपले बोलणे गावंढळ ठरेल, या धास्तीने त्या वाक्य जुळवून बोलतात. तू साधे बोल, आधी चहा घेताना त्यांच्या गावाकडच्या गप्पा होऊ देत, आणि रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढताना त्यांची वाक्ये पुस्तकी मराठीत मुळीच बदलू नकोस. नावाऐवजी क्रमांक घाल. गाव आणि वय एकत्र आले तरी मुलगी ओळखू येते, म्हणून गावाऐवजी विभाग लिही.

अहवालात "सत्तर टक्के मुलींना" अशी भाषा नको. आठ जणींच्या बोलण्यातून टक्केवारी निघत नाही. पुढे तपासून पाहण्याजोगे प्रश्न निघतात, आणि मर्टन यांनीही नंतर हेच बजावले होते.

खोलीची व्यवस्था झाली आहे. नव्या पेठेतल्या ओळखीच्या एका क्लासची मागची खोली रविवारी चार वाजल्यापासून मोकळी आहे; रस्त्याचा आवाज तिथे येत नाही आणि खुर्च्या गोलात मांडता येतात. रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात, म्हणून पोहे आणि शिरा मी घरून करून देईन. नोंदी घेणाऱ्या मैत्रिणीला शनिवारीच घेऊन ये, म्हणजे दोन्ही रेकॉर्डर त्या खोलीत लावून पाहता येतील. सुधारलेले प्रश्न गुरुवारपर्यंत पाठव.

तुझी,
आई