‘एकच प्याला’ या मालिकेबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : जाहिरातीप्रमाणे कार्यक्रम नसल्याबद्दल व वर्गणी परत मिळण्याबाबत

महोदय/महोदया,

‘गडकऱ्यांचे नाटक, मूळ संहितेसह’ ही आपली जाहिरात वाचून ॲपची वार्षिक वर्गणी भरली. सहाही भाग पाहिले. त्यात पात्रांची नावे तेवढी मूळची आहेत.

सर्वांत मोठी चूक पहिल्याच भागात आहे. आपला सुधाकर पडद्यावर येतो तोच झिंगलेला. मूळ नाटकात तो हुशार, मानी, निर्व्यसनी वकील आहे. कोर्टात अपमान होतो, वकिलीची सनद तहकूब होते आणि त्या जळफळाटात दारूबाज तळीराम त्याच्या हातात पहिला प्याला देतो. सगळे नाटक त्या एका क्षणावर उभे आहे. तो क्षणच गाळल्यावर उरतो तो एका दारुड्याच्या घरातला आरडाओरडा, आणि नाटकाच्या नावालाही अर्थ राहत नाही. तळीरामाच्या वाक्यांमागे तर हशा भरला आहे. त्याच्या विनोदाची भीती वाटायला हवी, कारण सुधाकराला तोच ओढत नेतो.

सुधाकराची बायको सिंधू हिला तिचा भाऊ पद्माकर माहेरी न्यायला येतो तेव्हा ‘कशि या त्यजूं पदाला’ हे पद म्हणजे तिचे भावाला दिलेले उत्तर आहे. आपण ते मिटल्या ओठांवर, संथ गतीच्या दृश्यामागे जेमतेम 40 सेकंद वाजवले. मग भावाला उत्तर दिले कोणी?

दळणाच्या प्रसंगात जाते रिकामे फिरते. त्यात दाण्यांची वैरण घातलेली दिसत नाही, भोवती पिठाचा कण नाही, आणि सिंधूच्या अंगावर कडक इस्त्रीची नवी साडी. 1919 साली गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक बडोद्याला प्रथम रंगमंचावर आणले. रेशमी शालूंसाठी गाजलेले बालगंधर्व सिंधूसाठी ठिगळाचे लुगडे नेसत. शंभर वर्षांपूर्वी कळलेली गोष्ट आज का कळू नये?

चौथ्या व पाचव्या भागात सुधाकराच्या लांब भाषणांवर पार्श्वसंगीत इतके चढवले आहे की वाक्यांचे शेवट ऐकू येत नाहीत. गडकऱ्यांचे वाक्य शेवटच्या शब्दावर उलगडते, तोच शब्द बुडतो.

श्रेयनामावलीत पदे ‘पारंपरिक’ म्हटली आहेत. ती विठ्ठल सीताराम गुर्जर यांची आहेत. गडकऱ्यांच्या लेखनावरचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला, त्यामुळे बदल करायला आपण मोकळे आहात, पण मग ‘मूळ संहितेसह’ म्हणू नये.

म्हणून मागण्या अशा : जाहिरातीतले ते शब्द काढावेत, गुर्जरांचे नाव सर्व भागांत द्यावे, त्या दोन भागांचे ध्वनिमिश्रण नव्याने करावे आणि उरलेल्या मुदतीची वर्गणी परत करावी. पावती व संबंधित दृश्यांच्या वेळांची यादी सोबत जोडली आहे. 15 दिवसांत लेखी उत्तर मिळावे.

आपला,
एक वर्गणीदार