सूचना: लीजहोल्ड फ्लॅटचा सर्व्हिस चार्ज

नमस्कार मंडळी,

इंग्लंड-वेल्समध्ये लीजवर (ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्यावर) फ्लॅट घेतलेल्या सर्व सभासदांसाठी. सर्व्हिस चार्जची, म्हणजे इमारतीच्या देखभाल खर्चातल्या तुमच्या वाट्याची, मागणी आली की आकडा बघून लगेच पैसे भरू नका, आणि रागाने थांबवूनही ठेवू नका. थकबाकी वाढली तर प्रकरण लीज जप्त होण्यापर्यंत जाऊ शकतं.

आधी पाकीट नीट उघडून पाहा. मागणीसोबत तुमच्या हक्क-जबाबदाऱ्यांचा छापील गोषवारा असायलाच हवा. तो येईपर्यंत ती रक्कम रोखण्याचा तुम्हाला हक्क आहे. मग तारखा पाहा. खर्च होऊन 18 महिने उलटले आणि त्या काळात लेखी कळवलंच नसेल, तर तो वसूल करता येत नाही. माझ्याच मागणीत 'जिना दुरुस्ती' अशी एकच ओळ होती. हिशेब मागितला, पावत्या पाहिल्या, तेव्हा ते काम शेजारच्या ब्लॉकचं निघालं. रक्कम वजा झाली, पण मागितल्याशिवाय कोणी सांगितलं नसतं.

छप्पर, लिफ्टसारख्या मोठ्या कामात एका फ्लॅटवर 250 पौंडांहून जास्त बोजा पडणार असेल, तर जागामालकाला आधी नोटीस देऊन लीजधारकांचं म्हणणं ऐकावं लागतं. हे 1985 च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्याचं कलम 20. अशी नोटीस आली तर मुदतीत उत्तर द्याच. बहुतेक जण ती रद्दीत टाकतात, याचं फार वाईट वाटतं.

रक्कम अवाजवी वाटली तर न्यायाधिकरणाकडे (इंग्लंडमध्ये फर्स्ट-टियर ट्रायब्युनल, वेल्समध्ये लीजहोल्ड व्हॅल्युएशन ट्रायब्युनल) जाता येतं, पैसे भरले असले तरीही.

नवीन फ्लॅट घेणाऱ्यांनी मागच्या तीन वर्षांचे हिशेब सही करण्याआधीच वकिलामार्फत मागवावेत.